मिस्टर पेटवेचा मुक्काम

१ नोव्हेंबर १९७८, बुधवार

तेल अविवचा माणूस आला. अव्नेर नाव. रेडिओवर जुन्या अमेरिकन जॅझचा कार्यक्रम करतो. त्याची बायको आमच्या पर्लच्या ऑफिसात, पेताह तिक्वाला. पर्ल सहज बोलून गेली की माझे पपा मुंबईत ल्युशस पेटवेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. झालं! बाईने नवऱ्याला सांगितलं आणि नवरा गाडी काढून तडक इथे वाळवंटात, मित्स्पे रामोनला.

पेटवे म्हणजे ह्यांचा गुरू. काळा अमेरिकन. छत्तीस साली समुद्रावरच्या एका बड्या हॉटेलात बँड घेऊन आला आणि चव्वेचाळीस साली मुंबईतच वारला. हे त्याच्या हाताखाली सेकंड ट्रम्पेट. मी त्याला बघितलेलं नाही, आमचं लग्न तो गेल्यानंतरचं.

अव्नेर चाळिशीचा. सिगरेटने बोटं पिवळी झालेली. टेबलावर टेपरेकॉर्डर मांडला. बोलला, पेटवेचं जगात काहीच उरलं नाही, एक रेकॉर्ड आणि एक फोटो. तुम्ही सांगाल ते सोनं.

हे एकदम खूश. इतकी वर्षं खाणीत जिप्समची धूळ खाल्ली, तिथे ट्रम्पेटचं कोण विचारणार? दात गेले तसं वाजवणं पण गेलं. कवळीवर फुंक बसत नाही. बाजा शाळेच्या बँडला देऊन टाकला, त्यालाही जमाना झाला.

पेटवेच्या जन्मापासून सुरुवात केली. केंटकी, नदीकाठ, बाप घोड्यांना नाल ठोकणारा. अव्नेर जेवून गेला. बटाट्याची भाजी दोनदा मागून घेतली.

८ नोव्हेंबर, बुधवार

अव्नेर परत आला. आज सर्कशीचे दिवस झाले. पेटवे पोरसवदा, सर्कशीच्या बाजूच्या तंबूत कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, वाजवायचा. नवीन गाव आलं की हत्तींच्या मागून वाजवत मिरवणूक काढायची.

मी आत डाळ निवडत ऐकत होते. हे इंग्रजीत सांगत होते, आणि छान सांगत होते. मग कानाला काय तरी खटकलं. ‘तो हत्तीच्या मागे चालायचा’ असं चाललं होतं, त्याचं ‘मी चालायचो’ झालं. माझे बूट कायम शेणाने भरलेले, असं बोलले.

अव्नेरने मान वर केली नाही.

माणूस रंगात आला की होतं असं.

१२ नोव्हेंबर

सकाळी धुकं मखतेशच्या त्या प्रचंड खड्ड्यातून चढून थेट आमच्या रस्त्यापर्यंत आलं. कोपऱ्यावर रानबोकड उभे होते, नुसती शिंगं दिसत होती. फॅक्टरीत कामाला जाताना शेजारची शुला भेटली. बोलली, नाथान परत वाजवायला लागला, छान झालं. आत्ताच ऐकलं, खड्ड्याच्या बाजूने येत होतं.

मी बोलले, आमच्या घरात बाजाच नाही गं.

ती हसली. तिला वाटलं मी लपवते.

१५ नोव्हेंबर, बुधवार

आज अव्नेरने ती एकुलती एक रेकॉर्ड टेपवर उतरवून आणली. न्यूयॉर्कची, १९१४ सालची. मोठा ऑर्केस्ट्रा, सगळं खरखरत होतं, त्याच्या आत कुठे तरी पेटवेचं कॉर्नेट. हे डोळे मिटून ऐकत होते. उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर चालत होती.

संपल्यावर बोलले, इथे हेन्री खोकला. ड्रमवाला हेन्री. मालक चिडला होता, पण रेकॉर्डचं मेण वाया जाईल म्हणून तसंच ठेवलं.

अव्नेर बोलला, खोकला नाहीये कुठे, मी ही रेकॉर्ड शंभरदा ऐकली. मग मागे नेऊन परत लावली. तिघांनी कान दिला. होता खोकला. बारीक, पण होता.

अव्नेरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग त्याचे डोळे असे चमकले की मला ते आवडले नाही.

मी ह्यांना मराठीत विचारलं, पेटवेने सांगितलं होतं का तुम्हाला खोकल्याचं? ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग अव्नेरकडे — ही बाई काय बोलते, अशा नजरेने. बोलले, काय गं? काय विचारलंस?

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

किद्दूशला, शुक्रवार रात्रीच्या द्राक्षरसाच्या प्रार्थनेला, ह्यांनी टोपी काढली. एकतीस वर्षांत असं कधी झालं नाही. डोक्यावरची काढली, छातीशी धरली आणि मान खाली घालून उभे राहिले. ख्रिस्ती लोक देवळात राहतात तसे.

द्राक्षरस मीच ओतला. प्रार्थना मीच म्हटली.

१८ नोव्हेंबर

डावा पाय ओढत चालतात. दुखतो का विचारलं तर बोलले, लहानपणापासूनच असा आहे.

ह्यांचा पाय चांगला धडधाकट आहे. खाणीत चढून-उतरून झिजला असेल तेवढाच.

२० नोव्हेंबर

पर्ल आली आणि ह्यांना बेर शेवाला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बोलला, मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात. ह्या वयात जवळचं पुसतं, लांबचं वर येतं. पर्लने मान हलवली. ती त्याच्याशी हिब्रूत भराभर बोलत होती, मला अर्धं समजत होतं.

मी बोलले, लांबचं वर येतं ते माणसाचं स्वतःचं येतं ना? दुसऱ्याचं कसं येईल?

पर्ल बोलली, ईमा, दाय. आई, पुरे म्हणून. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या.

परत येताना बसमध्ये हे पर्लला इंग्रजीत बोलले, मिस, तुम्ही फार दयाळू आहात, तुमचं घर कुठे? ती खिडकीकडे तोंड करून बसली. घर येईपर्यंत वळली नाही.

२२ नोव्हेंबर, बुधवार

आज पॅरिस. पहिल्या लढाईनंतरचं. तिथे काळ्या माणसालाही पुढच्या दाराने आत जायला मिळायचं म्हणून पेटवे राहिला. लुईज नावाची बाई होती. तिच्या खोलीत कोळशाची शेगडी, खाली पावाची भट्टी, पहाटे पावाचा वास वर यायचा. हे सांगता सांगता रडले.

लुईजसाठी रडले! माझी आई वारली तेव्हाही ह्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

संध्याकाळपासून मराठीचा एक शब्द नाही. चहा दिला तर ‘थँक यू, मॅडम.’ मी ‘अहो’ म्हणून हाक मारली तर मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली असं वाटून.

चेहरा तोच आहे. हनुवटीवर दाढी करताना कापलेलं आहे ते पण तेच. पण आत बसून जो बघतो, त्याला ‘हे’ लिहायला माझा हात धजत नाही. ‘तो’ लिहीन.

२६ नोव्हेंबर

नवसाचा मालिदा केला. शुलाने पोहे आणून दिले, नारळ मिळाला नाही, तेल अविवहून आणलेला सुका कीस होता तो घातला. केळी, खजूर, सफरचंदं. मुंबई-कोकणाकडचे आपले चार लोक जमले. एलियाहू हन्नबीचं, आमच्या पैगंबराचं, नाव घेतलं. मनात बोलले, माझा माणूस मला परत दे.

त्याला पण बसवलं. शेवटी ताट पुढे केलं तर दोन्ही हातांनी घेतलं आणि सगळ्यांकडे बघून इंग्रजीत बोलला, तुमच्या घरात मला बोलावलंत, माझी आठवण राहील.

पाहुणा बोलतो तसं. वरच्या आळीच्या म्हाताऱ्या हन्नाबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवायला पुढे झाल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. निघताना माझा हात दाबला.

२८ नोव्हेंबर

भांडी घासताना एकदम लक्षात आलं. हात पाण्यातच राहिले.

सगळं ओळीने चाललंय. जन्म, सर्कस, न्यूयॉर्क, लढाई, पॅरिस. एकदाही मागचं पुढे नाही, पुढचं मागे नाही. आता बोटीने दक्षिण अमेरिका होईल. मग मुंबई. मग चव्वेचाळीस साल.

चव्वेचाळीस साली पेटवे मेला. तिथे पोचल्यावर माझ्या माणसाचं काय?

२९ नोव्हेंबर, बुधवार

अव्नेरला दारातच थांबवलं. सांगितलं, आजपासून बंद.

तो आधी गोड बोलला, मग काकुळतीला आला. फक्त मुंबई राहिली, शेवट राहिला. मी बोलले, तो शेवटच नको मला. त्यावर बोलला — आणि खोटं नव्हतं त्याचं — पेटवेला आयुष्यभर कुणी बोलू दिलं नाही. ज्यांनी त्याच्याकडून वाजवायला शिकून नाव कमावलं त्यांनी पण नाही. आज तो बोलतोय आणि तुम्ही त्याचं तोंड बंद करता?

मी बोलले, “ते तोंड त्याचं नाही. माझ्या नवऱ्याचं आहे.”

गाडीत बसून बराच वेळ थांबला होता. मग गेला.

१ डिसेंबर

अव्नेर गेला पण सांगणं थांबलं नाही. आता मला सांगतो.

दुपारी फॅक्टरीतून आले तर टेबलापाशी बसलेला, शर्टाचं वरचं बटण लावून. समोर खुर्ची ओढून ठेवलेली. बसा मॅडम, बोलला. मी बसले नाही तर उभ्या उभ्या ऐकावं लागलं. बोट, ब्वेनोस आयरेस, तिथला थंड जुलै. मी रेडिओ मोठा केला. तो रेडिओ संपायची वाट बघत बसला, सभ्य माणसासारखा.

मी इंग्रजीत बोलले, पॅरिसचं परत सांगा. सर्कशीचं सांगा. ते हत्तींचं.

मान हलवली. ‘ते झालं, मॅडम.’

३ डिसेंबर

धुकं. दुपारपर्यंत हललं नाही. दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी उशा ओलसर.

ट्रम्पेट मी पण ऐकलं आज. एकच सूर, लांब, सरळ, जराही न थरथरता. खड्ड्याच्या बाजूने. तो माझ्यासमोर मोसंबी सोलत बसला होता. ऐकून बोलला, ओठ अजून चांगला आहे.

कुणाचा ओठ, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

५ डिसेंबर

मुंबई लागली.

भायखळ्याचा एक हडकुळा ज्यू पोरगा रोज तालमीच्या आधी यायचा, बोलला. काकाचा पलटणीतला बिगुल घेऊन. बँडच्या पायरीवर बसून राहायचा. हाकलला तरी जायचा नाही. एक दिवस सेकंड ट्रम्पेटवाला आजारी पडला तेव्हा त्याला उभा केला. भीतीने त्याचा शर्ट भिजला होता, पण सूर नाही हलला. त्या पोराचं नाव नाथान.

मी बसले. खुर्ची ओढून समोर बसले.

विचारलं, कसा होता तो पोरगा?

६ डिसेंबर

किती सांगितलं! हे बावीस वर्षांचे असताना शिट्टी वाजवत जिने उतरायचे. दुसऱ्याचा कोट घालून यायचे, बाह्या आखूड. कुणी गोरं गिऱ्हाईक पेटवेला वेडंवाकडं बोललं की ह्यांचे कान लाल व्हायचे. एकदा अशाच एकाच्या सूपमध्ये हे थुंकून आले, पेटवेने बघून न बघितल्यासारखं केलं. एकटे असले की कोकणातली गाणी ट्रम्पेटवर वाजवायचे. ती ऐकून पेटवेला आपली आई आठवायची.

मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या वाट्याला आला तो घुम्या माणूस. जेवला, झोपला, खाणीत गेला. शिट्टी कधी ऐकली नाही मी.

७ डिसेंबर

फॅक्टरीत गेले नाही. अंग गरम आहे असा निरोप शुलाकडून दिला.

दिवसभर ऐकलं.

९ डिसेंबर

पर्लचा फोन शुलाकडे आला. पपा कसे आहेत? मी बोलले, बरे आहेत, बोलतात. काय बोलतात ते सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर शुलाच्या आरशात दिसले मी. माझे डोळे अव्नेरसारखे चमकत होते.

त्याच्या सांगण्यात काल दुसरी लढाई सुरू झाली. चाळीस साल संपलं. ठाऊक आहे मला कुठे चाललंय. तरी सकाळी उठून मीच खुर्ची ओढते.

१० डिसेंबर

बोलले, आज नको, गप्प बसू. तो बोलला, मॅडम, आता थोडंच राहिलंय.

११ डिसेंबर

त्रेचाळीस साल. पेटवेचे दात गेले. कवळी लावून वाजवायला उभा राहिला तर नुसती हवा. लोक हसले. पोराने मागून त्याचे सूर उचलले, असे की कुणाला कळू नये. पेटवे तोंडाशी बाजा धरून उभा राहिला आणि सेकंड ट्रम्पेट त्याच्या नावाने वाजलं. तो पूर्ण हंगाम असाच काढला.

हे सांगताना हसत होता. बोलला, त्यापेक्षा चांगला मी कधीच वाजलो नाही.

कालपासून खात नाही. कपाळ तापलेलं. कुपात-खोलीमच्या दवाखान्याचा डॉक्टर येऊन गेला, छाती ऐकली, सुई दिली. बोलला, दोन दिवसांत ताप उतरला नाही तर बेर शेवाला हलवू.

१३ डिसेंबर, बुधवार

लिहिते.

दुपारी तो खाटेवर पडला होता. वर बघून बोलला, पंखा फार हळू फिरतो. आमच्या घरात पंखा नाही. त्याच्या डोळ्यांपुढचं इस्पितळ मुंबईचं होतं, चव्वेचाळीस सालचं. बाजूच्या खाटेवर एक खलाशी कण्हत होता, मला पण वाटलं ऐकू आलं. उन्हं खोलीत होती, सगळं लख्ख दिसत होतं, आणि त्याचं नाक बाजूने पांढरं पडत चाललं होतं. माझ्या आईचं पडलं होतं तसं.

बोलला, पोरगा बसलाय पायथ्याशी. रडतोय. त्याला सांगा कुणी तरी, घरी जा म्हणावं.

पायथ्याशी मी बसले होते.

मग श्वास लांबला. एक आला. दुसरा येईना. मी त्याच्या छातीवर हात ठेवला, खाली काहीच हलत नव्हतं. बाहेर मुलं शाळेतून येत होती, आरडाओरडा चालला होता.

मी लग्नापासून ह्यांचं नाव तोंडाने घेतलेलं नाही. ‘अहो’, ‘पर्लचे पपा’, एवढंच. आज घेतलं.

“नाथान. त्याने सांगितलं ना तुला, घरी जा म्हणून? ऊठ. घरी चल.”

मराठीत. दोनदा, तीनदा. खांदे धरून हलवले.

छाती एकदम उचलली. खोकला आला, जिप्समवाला, खाणीतला, जुना. डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

आणि मराठीत बोलले, “बाई, पाणी देता का?”

ह्यांचा आवाज! ह्यांचा! पाणी आणताना अर्धं जमिनीवर सांडलं.

१४ डिसेंबर

ताप उतरला. पाय ओढत नाहीत. भात आणि बोंबिलाचं कालवण मागितलं. इथे बोंबील कुठला, टोमॅटो घालून डबाबंद मासळी केली, ती खाल्ली.

मराठी अस्सल, भायखळ्याची. पण मला ‘बाई’ बोलतात. बोलले, बाई, तुम्ही माझी एवढी सेवा केलीत, इस्पितळातून मला इथे कुणी आणलं? पेटवेसाहेबांचं दफन झालं का? मी तिथे असायला पाहिजे होतो.

मी विचारलं, आज कुठली तारीख, कुठलं साल?

बोलले, चव्वेचाळीस. का?

चव्वेचाळीस साली मी अलिबागला होते, शाळेत शिकवत होते. माझं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

१५ डिसेंबर, शुक्रवार

किद्दूश स्वतः म्हटला. टोपी डोक्यावर. सुरेख म्हटला, तरण्या आवाजात. संपल्यावर माझ्याकडे बघून नमस्कार केला, परक्या घरच्या मोठ्या बाईला करतात तसा.

पर्लला अजून काय सांगावं ते सुचत नाही.

१८ डिसेंबर

सकाळी अंगणात निळ्या पातळाचा पदर खोचून कपडे वाळत घालत होते. एकटीच. शुला कामावर गेलेली, रस्त्यावर धुकं, चिटपाखरू नाही. आत आले तर हे दाराशी उभे, कान लाल. खाली बघत विचारलं — बाई, रागावणार नाही ना? मघाशी दोरीपाशी निळ्या पातळातली मुलगी होती, ती तुमच्यातलीच का? तिचं कुठे ठरलंय का?

मी बोलले, विचारून सांगते.